संध्याकाळच्या प्रार्थनेत पानं उलटताना

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत आम्ही राहायचो ती गल्ली टेकडीवर चढत जाणारी होती. वरच्या टोकाला आमचं भाड्याचं घर, खाली कोपऱ्यावर डेअरी, म्हणजे इथलं वाण्याचं दुकान, आणि डेअरीला लागून बाईंचं घर. बाई पियानो शिकवायच्या. वय ऐंशीच्या आसपास. या देशात सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, आमची मुलगीसुद्धा त्यांना नावानेच हाक मारायची. माझी जीभ मात्र वळायची नाही. शाळेत शिकवणाऱ्यांना आम्ही बाई म्हणायचो, तशा त्या माझ्या मनात बाईच राहिल्या.

मुलीच्या तासाला मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. नाशिकला माझी शाळा कॉन्व्हेंटची होती, तिथल्या एका सिस्टरनी मला नोटेशन वाचायला शिकवलं होतं. बोटं कधी फार चालली नाहीत, पण कागद वाचता यायचा. एकदा मुलगी वाजवत असताना पान संपत आलं आणि मी नकळत उठून ते उलटलं. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"तुम्हाला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "मग रविवारी काय करता?"

अशी मी वेलिंग्टनमधल्या एका लहानशा लुथेरन चर्चमध्ये जाऊन पोचले. आम्ही बौद्ध. रविवारी सकाळी आमच्यासारख्या चार घरांची मिळून वंदना असायची, ती कधी आमच्याकडे, कधी दुसऱ्या कुणाकडे. चर्चच्या पास्टरना मी पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं. ते म्हणाले, पानं उलटण्यासाठी कशावर विश्वास ठेवावा लागत नाही, फक्त वेळेवर उठावं लागतं. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जेवायला काय देतात?"

महिन्यातून एका रविवारी तिथे संध्याकाळची प्रार्थना व्हायची. जर्मनीत तीनशे वर्षांपूर्वी जशी व्हायची, साधारण तशीच. अंधार पडायच्या सुमाराला मेणबत्ती आत आणायची, स्तोत्र गायचं, शास्त्रातला एक भाग वाचायचा आणि मधोमध एक कँटाटा. कँटाटा म्हणजे गाणाऱ्यांचा छोटा समूह, तीन-चार वाद्यं आणि वीस-पंचवीस मिनिटांचं भक्तिसंगीत. कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण ती मैफल नसते. संपलं की शांतता, आणि पुढची प्रार्थना सुरू.

या संगीतात ऑर्गनवाल्याचं काम विचित्र असतं. त्याच्यापुढे पूर्ण संगीत लिहिलेलं नसतं. फक्त सर्वांत खालच्या सुरांची ओळ आणि तिच्याखाली बारीक आकडे. त्या आकड्यांवरून वरचे सूर त्याने तिथल्या तिथे भरायचे. खालची ओळ चेलोवरही, म्हणजे उभ्या धरायच्या मोठ्या व्हायोलिनवरही, वाजत असते, पण सगळ्यांचं घर उभं असतं ते ऑर्गनच्या भरीवर. बाई हे चाळीस वर्षं करत आल्या होत्या. कपाटाएवढ्या लाकडी ऑर्गनपुढे त्या ताठ बसायच्या. मी त्यांच्या डाव्या हाताला, जरा मागे. त्यांची मान किंचित हलली की उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा आणि उलटायचं.

माझ्या मनात तेव्हा एकच धास्ती असायची, की दोन पानं एकदम उलटली जातील. खरी भीती दुसरीकडूनच आली. ही २०१७ च्या हिवाळ्यातली गोष्ट.

त्या महिन्याच्या कँटाटामध्ये स्त्रीच्या आवाजातलं एक लांब गाणं होतं. अशा गाण्यांत शेवटी पोचलं की परत सुरुवातीला जायचं, पहिला भाग पुन्हा गायचा आणि ठरलेल्या खुणेपाशी थांबायचं. पानं उलटणाऱ्याची तिथे परीक्षा असते, कारण तीन पानं एकदम मागे न्यावी लागतात. शनिवारी दुपारच्या तालमीत, समूहाचे संचालक हाताने ताल देत असताना, मी ती नीट मागे नेली. सगळे खुणेपाशी आले, गाणारी थांबली, चेलोवाली थांबली. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतःच हात पुढे करून पानं मागे घेतली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

कुणीतरी हसलं. बाईही हसल्या. पण मी त्यांच्या शेजारी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या आधी सगळ्यांकडे बघत होत्या आणि सगळे हसताहेत म्हणून हसत होत्या.

तालीम संपली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि बाहेर अंधार होता. मी नेहमी बाईंच्या गाडीतून यायचे-जायचे. माझ्याकडे लायसन्स होतं, पण सुपरमार्केट आणि मुलीची शाळा यापलीकडे मी कधी गाडी नेली नव्हती. मोटरवेची मला भीती वाटायची. शनिवार-रविवारी ट्रेनच्या जागी बस धावायच्या, त्यांचा भरवसा नसायचा. बाई मात्र या वयातही छान गाडी चालवायच्या.

त्या दिवशीही छानच चालवत होत्या. वारा जोराचा होता, पाऊस आडवा येत होता. मी मुलीला काय जेवायला करायचं याचा विचार करत होते. पोरिरुआचं वळण आलं आणि मागे गेलं.

"बाई, आपलं वळण गेलं," मी म्हणाले. अर्थात आम्ही इंग्रजीत बोलायचो आणि हाक मी नावानेच मारली असेन.

"हो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पुढून वळणार असतील. पुढचं वळण गेलं. वस्ती विरळ झाली. त्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर नीट होते, वेगही बरोबर होता. मी पुन्हा विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

"स्टेशनवर. माझा भाऊ थांबलाय ना. त्याला पावसात उभं ठेवायचं नाही."

बाईंच्या पियानोवर एका मुलाचा जुना फोटो होता. तो त्यांचा भाऊ. शाळेत असतानाच तापाने गेला, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्यानंतरचा रस्ता मी विसरू शकत नाही. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे, त्यावरून तो जातो. उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे असतो, म्हणजे मी बसले होते त्या बाजूला. लाटा भिंतीवर आपटून त्यांचं पाणी काचेवर येत होतं. समोरून ट्रक येत होते. प्रत्येक ट्रकच्या दिव्यांत बाईंचा चेहरा उजळायचा आणि तो अगदी शांत असायचा. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले तर त्या दचकतील आणि हात हलेल, असं वाटून मी दात घट्ट आवळून बसले. स्टीअरिंगला हात लावायचा तर कधी, कुठे? एक हात सीटबेल्टवर होता, दुसरा दाराच्या कडीवर. मुलीला शेवटचं काय बोलले होते ते आठवायचा प्रयत्न करत होते आणि ते आठवत नव्हतं.

मग मला सुचलं. मी आवाज होईल तेवढा साधा ठेवून म्हणाले, "मला बाथरूमला जायचंय. पेट्रोल पंप दिसला तर थांबाल का?"

"अगं, आधी सांगायचं," त्या म्हणाल्या.

पुढच्या गावाच्या तोंडाशी पंप होता. त्यांनी सिग्नल देऊन, नीट वळवून, रेघांच्या मधोमध गाडी उभी केली. मी हात पुढे करून किल्ली काढून घेतली. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. पंपाच्या पांढऱ्या उजेडात त्या हळूहळू परत आल्या, असंच म्हणावं लागेल. आधी पावसाकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

"इथे का आलोय आपण?" त्यांनी विचारलं.

"चुकून आलो," मी म्हणाले. "आता मी चालवते."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तिथेच थांब, मी येतो." पण मुलगी झोपाळली होती, तिला घेऊन त्याला तेवढं अंतर यावं लागलं असतं. बाई थंडीने कापायला लागल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा विचारत होत्या, घरी कधी जायचं. मी त्यांची गाडी चालवत परत आणली. गिअरची गाडी, तेवढं भारतात शिकल्यामुळे हाताला येत होतं. तोच रस्ता, तोच पाऊस, मागे एक ट्रक सारखा दिवे दाखवत होता. मी वेग वाढवला नाही. घरी पोचल्यावर बाईंना आत सोडलं, हीटर लावला, आणि त्यांच्या गाडीची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात ठेवून वर आले. दार उघडल्यावर नवरा काही बोलायच्या आत मी जिन्यावरच बसले.

सकाळी त्यांचाच फोन आला. किल्ली सापडत नव्हती. मी खाली गेले. त्या नेहमीसारख्या, केस विंचरलेले, झाडाची लिंबं एका ताटलीत आमच्यासाठी काढून ठेवलेली. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि काल काय झालं ते सांगितलं. भावाचंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"संध्याकाळी होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "अंधार पडायला लागला की. सकाळी मी बरी असते. इतके दिवस वाटत होतं, मला एकटीलाच माहीत आहे."

"डॉक्टर?"

"डॉक्टर मुलाला कळवतील. मुलगा ब्रिस्बेनहून येईल आणि मला घेऊन जाईल." त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. "ही ठेव. मला ही नकोच. पण पुढच्या रविवारी मला वाजवू दे."

मी म्हणाले, "मी संचालकांना सांगणार आहे. आणि डॉक्टरकडे आपण दोघी जाऊ."

त्यांनी लिंबांची ताटली उगाच इकडची तिकडे केली. "सांग. मला ते शब्द जुळवता येणार नाहीत."

संचालक एका शाळेत संगीत शिकवायचे. फोनवर सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मला काल शंका आली होती. हसलो, याची लाज वाटते." मी विचारलं, कार्यक्रम सकाळी घेता येईल का. ते म्हणाले, "संध्याकाळची प्रार्थना आहे ती. दिवस मावळतानाच म्हणायची असते. आणि आठवड्यात दुसरं कुणी मिळेल असंही नाही. चेलोवाली खालची ओळ सोडणार नाही, मी तिला सांगून ठेवतो. तुम्ही त्यांच्यासमोर बोट ठेवा. प्रत्येक खान्यावर."

नोटेशनमध्ये उभ्या रेघा मारून खाने पाडलेले असतात. त्या कँटाटात असे शेकडो खाने होते.

नवरा म्हणाला, "हे तुझं काम नाही. उद्या काही झालं तर लोक तुझ्याकडे बघतील." त्याचं चूक नव्हतं. मी ऑफिसात पाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग काढायचे, स्क्रीनवरच्या रेघांचे मला सुरांचे खाने दिसायला लागले. बुधवारी डॉक्टरकडे गेलो. सकाळची वेळ होती. बाईंनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं इतकी चोख दिली की क्षणभर मलाच वाटलं, तो रस्ता मी स्वप्नात पाहिला. डॉक्टरांनी मात्र तेवढ्यावर न थांबता पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आणि गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं.

त्या रात्री जेवताना मी मुलीला जपून म्हणाले, की बाई हल्ली थोडं विसरतात. ती ताटातून मान न काढता म्हणाली, "आय नो, आई. शी आस्क्स माय नेम हीप्स ऑफ टाइम्स. आय जस्ट टेल हर."

तिचा तास संध्याकाळचा असायचा आणि हल्ली ती एकटीच खाली जायची.

रविवारी नवऱ्याने आम्हाला गाडीतून नेलं. चर्चमध्ये पोचलो तेव्हा बाहेर अजून राखाडी उजेड होता. मी खिडक्यांकडेच बघत होते. उंच काचा, त्यांतला उजेड कमी होत चाललेला. मेणबत्ती आत आली. पास्टरनी पहिली ओळ म्हटली, लोकांनी उत्तर दिलं. स्तोत्र झालं. बाई व्यवस्थित वाजवत होत्या. काचा आता काळ्या झाल्या होत्या.

कँटाटा सुरू झाला तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसले आणि उजव्या हाताचं बोट कागदावर ठेवलं. पहिलं समूहगीत पार पडलं. ते लांब गाणं आलं. शेवटी मी पानं मागे नेली, बोट पहिल्या खान्यावर टेकवलं. खुणेपाशी येताच तळवाच कागदावर पसरला. बाईंनी हात उचलले. गाणारी थांबली, चेलो थांबला, बाई थांबल्या.

पुढचा तुकडा जेमतेम दीड पानाचा. त्यात एक पुरुष बोलल्यासारखं गातो आणि ऑर्गन त्याला अधूनमधून फक्त एकदम दाबलेले तीन-चार सूर देतो. मध्ये मोकळ्या जागा असतात. त्या मोकळ्या जागांचा मी विचारच केला नव्हता. दुसऱ्या जागेत बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि ते तिथेच राहिले. गाणारा पुढे गेला. चेलोने आपला सूर दिला. ऑर्गन आला नाही. मी बोटाने खाना दाबला. बाई माझ्या बोटाकडे पाहत होत्या, कागदाकडे नाही.

"तुम्ही कोण?" त्यांनी मला हळूच विचारलं.

रस्त्यावर वाटली होती त्याहून ही भीती वेगळी होती. तिथे मी मरेन असं वाटलं होतं. इथे माझ्याकडे बघणाऱ्या दोन डोळ्यांत मी नव्हतेच. समोर भरलेलं चर्च, संचालकांचा हात हवेत. काय करावं ते मला कळलं नाही. मी डावा हात पुढे नेला आणि खालच्या ओळीतला पुढचा सूर वाजवला. एकच सूर. त्याच्याखालच्या आकड्यांचे सूर मला भरता येत नव्हते. मग त्याच्या पुढचा सूर. तो किंचित उशिरा आला.

तिसऱ्या सुराला बाईंनी माझा हात मनगटाला धरून बाजूला केला, जसा त्या माझ्या मुलीचा करायच्या. "दोन बोटांनी नाही," असं काहीतरी पुटपुटल्या, आणि तिथून पुढे त्यांनी वाजवलं. त्या परत आल्या होत्या की त्यांचे हातच आले होते, मला माहीत नाही. शेवटचं सामुदायिक स्तोत्र त्यांनी कागदाकडे न बघता वाजवलं. मी तरीही बोट ठेवूनच होते.

आशीर्वाद झाला, लोक उठले. लोकांतली एकजण जाताना म्हणाली, आज फार सुंदर झालं. चेलोवाली वाद्य खोक्यात ठेवत होती, तिचे डोळे लाल होते. परतताना गाडीत बाईंनी मला विचारलं, "कसं झालं?" मी सांगितलं, चांगलं झालं. वळण यायच्या आत त्यांनी ते आणखी काही वेळा विचारलं. दर वेळी मी तेच सांगितलं.

त्यानंतर त्यांनी वाजवलं नाही. संचालकांनी घरी येऊन त्यांच्याशी बोलणं केलं, तेव्हा मी चहा करत होते. रडारड झाली नाही. बाईंच्या मुलाला मीच फोन केला. त्याला तिकडची व्यवस्था करायला वेळ हवा होता, तोवर गल्लीतल्या आम्ही तिघी पाळी लावून संध्याकाळी त्यांच्याकडे बसायचो. दिवे लागायच्या वेळेला त्यांना खोली अनोळखी वाटायची. पडदे ओढले तरी भीती वाटायची, उघडे ठेवले तरी वाटायची. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "प्रार्थना म्हण. या वेळेला म्हणतात."

त्यांच्या प्रार्थनेचे शब्द मला पाठ नव्हते. इतके दिवस मी फक्त पानं उलटली होती. मला पाठ होतं ते त्रिशरण, तेवढंच मी म्हटलं, जसं आम्ही रविवारी सकाळी म्हणतो तसं, त्याच चालीत. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"सूर फार थोडे आहेत," त्या म्हणाल्या. "बरं आहे. एवढं मला जमेल."

मग रोज तेच. त्या शब्द म्हणायच्या नाहीत, नुसता सूर धरायच्या. कधी त्याने त्यांची भीती जायची, कधी जायची नाही आणि मला त्यांना दारापासून परत आणावं लागायचं. घरी आले की मी मुलीला उगाच काहीबाही विचारत बसायचे, आज शाळेत काय झालं, डबा खाल्ला का, आणि तिने एखादं उत्तर द्यायला वेळ लावला तरी तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. नाशिकला आईला फोन केला आणि तिने तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, तर ती किती वेळा सांगितली ते मी मोजायला लागायचे.

वसंत ऋतूत मुलगा आला. त्याने पियानो आमच्या मुलीला देऊ केला, तो चार माणसांनी टेकडी चढवून वर आणला. निघायचा दिवस उजाडला तेव्हा बाई अगदी ठणठणीत होत्या. कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन गाडीत बसल्या होत्या. संध्याकाळचं त्यांना काहीच आठवत नव्हतं, मी कोण ते मात्र पक्कं माहीत होतं.

"तुझी मुलगी पायाने ताल धरते," खिडकीतून त्या मला म्हणाल्या. "ती सवय मोड. मोठेपणी त्रास होईल."

मी म्हणाले, मोडते.

गाडी डेअरीपाशी वळली. सकाळचे नऊ वाजत होते. त्यांचं विमान ब्रिस्बेनला उजेडातच उतरणार होतं. मुलाने तिकीट काढायच्या आधी मी त्याला ते विचारून घेतलं होतं.